सोमवारच्या धड्याआधीचा प्रवास

शनिवारी सकाळी स्कोफिल्ड्सहून, आमच्या उपनगरातून, गाडी निघाली, पण मन थाऱ्यावर नव्हतं. सोमवारी माझ्या पाचवीच्या वर्गाला या परक्या देशातल्या मूळ आदिवासी मुलांबद्दल शिकवायचं होतं. पूर्वी सरकारने घरातून उचलून ‘होम’मध्ये, म्हणजे सरकारी वसतिगृहात ठेवलेली, स्वतःची भाषा बोलली म्हणून मार खाल्लेली मुलं. दहा वर्षांच्या पोरांना हे सांगायचं कसं? घाबरवलं तर पालक भांडायला येणार, गोडगोड केलं तर तो शुद्ध खोटेपणा. म्हणून तसलं एक होम बघायलाच निघाले.

“स्लाइड्स आहेत ना तुझ्याकडे? मग?” माझा नवरा निखिल म्हणाला. तरी गाडी तोच चालवत होता.

उत्तरेला निलगिरीची झाडं, आणि त्यानंतर निलगिरीची झाडं. वाटेतल्या गावात मीट पाय (खिमा भरलेली जाड कचोरीच म्हणा) खाल्ला, तो निखिलने शर्टावर सांडला. पुढे रेंज गेली, वळण चुकलं आणि आम्ही कुणाच्या तरी गोठ्यापाशी पोचलो. माझं डोकंच उठलं.

होम नदीकाठी होतं. पत्र्याच्या छपराची लांबट इमारत, आजूबाजूला छान हिरवळ. आँटी मे (आदिवासी वडीलधाऱ्या बाईला इथे मानाने आँटी म्हणतात) दारातच उभ्या होत्या. त्या लहानपणी इथेच होत्या. आता येणाऱ्यांना जागा दाखवतात. खोल्या बघून झाल्या, चहा आला.

निखिलला तिथली शांतता सोसेना. “मीपण पाचवीपासून होस्टेलला होतो,” तो म्हणाला. “त्यानेच घडलो.” आपल्याकडे हे अभिमानाने सांगतात. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

आँटी चिडल्या नाहीत. “सुट्टीत घरी जायचास, डार्ल?” त्यांनी ‘बाळा’ म्हणावं तसं मायेने विचारलं.

“हो. बाबा न्यायला यायचे.”

“माझी आईपण आली होती. बाहेरूनच परत पाठवली तिला. मला हे कळलं, तेव्हा ती राहिली नव्हती.”

निखिलने कप खाली ठेवला. “सॉरी, आँटी,” एवढंच म्हणाला. मला रडू आलं. तरी विचारलंच, “मुलांना सांगायला सुरुवात कुठून करू?”

“मारापासून नको. आमच्या घरापासून कर. आमचं घर चांगलं होतं. आई नदीवर मासे भाजायची, आम्ही बोटं भाजून घ्यायचो. ते कुणी सांगतच नाही. माझं नाव घेतलंस तरी चालेल.”

परतीच्या वाटेवर निखिलने गाणी लावली नाहीत. रविवारी मी सगळ्या स्लाइड्स काढून टाकल्या आणि दिवसभर घरात येरझाऱ्या घातल्या.

सोमवारी छोट्या मेचं घर सांगितलं. पोरं हसली, आपापल्या आज्यांचे मासे सांगू लागली. मग तिला उचलून न्यायला आलेली सरकारी गाडी सांगितली. “मिस, तिची आई नाही आली तिला परत न्यायला?” आरवने विचारलं. मी तेही सांगितलं.

शाळा सुटल्यावर आरवची आई, हॉस्पिटलच्या ड्युटीच्या कपड्यांतच, वेस्टमीडला कामावरून सुटून धावतपळत आली. एरवी तिच्यापुढे पळणारा आरव तिचा हात सोडेना.

“काय शिकवलंस गं आज?” तिने विचारलं.

“त्यालाच विचार,” मी म्हटलं. “त्याला नीट सांगता येईल.”