अंगण खुलं, माजघर बंद

आमच्या मोठेबाबांच्या घरी पाहुण्याला पाण्याच्याही आधी विचारलं जायचं, "पेनड्राइव्ह हाय का खिशात?" असला तर तो दारातच, चपलांशेजारी ठेवलेल्या स्टीलच्या ताटलीत काढून ठेवायचा. जावईसुद्धा यातून सुटले नाहीत. मोठेबाबा ती ताटली आत नेत, अँटिव्हायरस लावून पेनड्राइव्ह तपासत आणि मग आतूनच ओरडत, "धुतले याचे पाय. आता येऊ द्या घरात." तोवर पाहुणा बिचारा ओट्यावर उभा.

मोठेबाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. कारध्याला राहायचे, धानाचा व्यापार करायचे. उंच, किडकिडीत माणूस, बारा महिने पांढरे कपडे, आणि चालताना मान पुढे. मी भंडाऱ्याला कॉलेजात जायला लागले तेव्हा त्यांच्याकडेच राहायला होते. गावच्या नाट्यमंडळाचे ते अध्यक्ष. नाटकाची संहिता, गाणी, पार्श्वसंगीत सगळं त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर. एका वर्षी कोणाच्या तरी पेनड्राइव्हमधून व्हायरस आला आणि सगळी गाणी खाऊन गेला. त्या दिवशी मोठेबाबा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी घराची नाकेबंदी सुरू केली.

कॉम्प्युटरवर त्यांनी दोनच मोठी फोल्डरं ठेवली होती. एकाचं नाव 'अंगण', दुसऱ्याचं 'माजघर'. अंगणातलं मंडळाच्या लोकांनी आपापल्या लॅपटॉपवरून पाहायचं, ऐकायचं, उतरवून घ्यायचं. बदलायचं मात्र काही नाही. "अंगणात या, बसा, पान खा. पण तुळशीची कुंडी हलवाची नाही," असं ते समजावून सांगत. माजघरात फक्त ते जाणार. वायफायचं नाव त्यांनी 'कुत्रा चावतो' असं ठेवलं होतं. घरात कुत्रा कधीच नव्हता, पण शेजारचे लोक फोनमध्ये ते नाव पाहून फाटकाशी थबकत. मी हसले तर म्हणाले, "हसून काय राहिली? थबकले ना?"

अपडेट आलं की हातातलं काम बंद. समोर धानाचं गिऱ्हाईक बसलेलं असो की तहसीलचा माणूस, मोठेबाबा खुर्चीवर एक पाय दुमडून पडद्याकडे बघत बसत. "आता नको, नंतर कर असं म्हणणारा माणूसच बुडते," हे त्यांचं ठाम मत होतं. मोठीआई, म्हणजे त्यांची बायको, स्वयंपाकघरातून म्हणायची, "माह्या दुखण्यापाशी इतका येळ बसले असते तं!"

माजघर उघडायचा त्यांचा पासवर्ड हा तर घरातला मोठा चर्चेचा विषय. इतका लांबलचक की टाइप करताना आम्हाला चहा पिऊन होत असे. मी एकदा खोदून खोदून विचारलं, तेव्हा एवढंच म्हणाले, "असा हाय का मी मरेपर्यंत भुलणार नाही, अन् ज्या दुसऱ्या माणसाले माहीत हाय ते तोंडातून काढणार नाही." तो दुसरा माणूस कोण, ते काही सांगितलं नाही.

ते कळलं शहापूरच्या मंडईच्या दिवशी. मंडई म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची जत्रा; तिथं आमच्या मंडळाचं नाटक लागलं होतं, पहिलाच प्रयोग, आणि मोठेबाबा त्याच दिवशी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नागपूरला. दुपारी दिग्दर्शक बंडूभाऊ आमच्या अंगणात धापा टाकत आला. नाटकात तोच खलनायक, त्यामुळे अर्धी मिशी लावलेली, अर्धी हातात. "पोरी, घात झाला. गाणी अंगणात नाहीत!" मोठेबाबांनी पक्की झालेली गाणी जपून राहावीत म्हणून माजघरात ठेवली होती आणि जाताना अंगणात काढून ठेवायचं विसरले होते. गाण्यांशिवाय आमच्याकडे नाटक होत नाही. नटाचं चुकलं तर प्रेक्षक सांभाळून घेतात, पण गाणं नसलं तर खुर्च्या उडतात.

मी फोन लावला. पलीकडून आवाज आला, "तू रंजनाच कायवरून?"

"मोठेबाबा, आवाज ओळखू येत नाही का?"

"आवाजाची नक्कल कोणीबी करते आजकाल. सांग, लहानपणी कोणत्या झाडावरून पडली होती?"

"जांबाच्या."

"हे तं साऱ्या गावाले माहीत हाय," म्हणाले. "फोनवर पासवर्ड सांगत नसतात. मोठीआईले इचार. तिले येते." आणि फोन ठेवला.

मी धावत स्वयंपाकघरात गेले. मोठीआई भाजी चिरत होती. पासवर्ड म्हटल्यावर आधी तिला काही कळेना. "मले काय माहीत बापा?" मग मी मोठेबाबांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, ते भुलणार नाहीत आणि दुसरा माणूस तोंडातून काढणार नाही. तिची विळी थांबली. तोंड हळूहळू लाल झालं आणि पदर डोक्यावर आला.

"तो उखाणा हाय," ती पुटपुटली. "लग्नातला. लोकं इतके हासले होते, इतके हासले होते का मी तवापासून याइचं नाव घेतलं नाही. आता का घेऊ?"

"मग लिहून दे."

"लिहणं म्हणजे घेणंच झालं."

बंडूभाऊ दारातून हात जोडून म्हणाला, "वहिनी, घ्या ना नाव. शहापूरचे लोकं जीव घेतीन आमचा." त्याच्यामागे मंडळाचे दोघे आणि समोरची काकूही येऊन उभी. मोठीआईनं सगळ्यांकडे पाठ केली आणि भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाली, "धानाच्या बांधीत एका पायावर बगळा..." पुढचं नाव इतकं हळू की मला ऐकूच आलं नाही. "मोठ्यानं, मोठीआई!" तेव्हा एकदाची खणखणीत म्हणाली, "मनोहररावांचा थाट साऱ्यांहून वेगळा!" मी इंग्रजी अक्षरांत जोडून टाइप केलं आणि माजघर उघडलं. बंडूभाऊनं टाळ्या वाजवल्या, त्यात हातातली मिशी तुटली. त्या दिवशी शहापुरानं अर्ध्या मिशीचा खलनायक पाहिला, पण गाणी वाजली.

डोळ्यावर पट्टी बांधून मोठेबाबा परत आले. मी म्हटलं, "आता पासवर्ड बदला. बंडूभाऊनं ऐकला, काकूनं ऐकला." त्यांनी मान वळवून स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग म्हणाले, "पूर्ण म्हणली? नावासकट?"

"नावासकट."

"साऱ्याइसमोर?" मी मान हलवली. "राहू दे मग," म्हणाले. "नको बदलू." एवढा कडक माणूस, पण तो पासवर्ड काही बदलला नाही.

मोठेबाबा गेल्या वर्षी गेले. कॉम्प्युटर जुना होऊन बंद पडला, तेव्हा मी तोच उखाणा त्यांच्या वायफायला लावून दिला. आता हळदीकुंकवात, लग्नात मोठीआईला कोणी नाव घ्यायला सांगत नाही. आपल्याकडे सांगतच नाहीत. मला त्याचा फार राग येतो.

म्हणून मी कारध्याला गेले की फाटकाशी थांबते, फोनमध्ये 'कुत्रा चावतो' शोधते आणि साठवलेला पासवर्ड पुसून टाकते. मग अंगणातून हाक मारते, "मोठीआई, पासवर्ड काय हाय वं?" ती स्वयंपाकघरातून बगळ्यापासून सुरू करते, मनोहररावांपाशी जरा थांबते, पुरा उखाणा म्हणते आणि वर बजावते, "कोणाले सांगू नको बरं."