इसाबेलचा उपास

वसईच्या इसाबेलला शारजातल्या हौशी नाटकात पोर्तुगीज बाईचं काम मिळालं. त्यासाठी कंबर आवळणारं कॉर्सेट घालायचं होतं. ऑपरेशननंतर पोटाला लावलेली शौचाची पिशवी त्याखाली फुगू नये म्हणून ती तालमीच्या दिवशी काही खायचीच नाही. सगळ्यांना सांगायची, "ईस्टरआधीचा, लेन्टचा उपास आहे."

आज शारजाच्या रोल्ला भागातल्या शिवणाच्या दुकानात माप देताना संध्याकाळची, मगरिबची अजान झाली. कॉर्सेट शिवणाऱ्या हलिमाने रोजा सोडण्याआधी खजूर तिच्यापुढे धरला.

"घ्या ताई. तुमचा पण उपास ना."

इसाबेलची मान खाली गेली. "उपास नाही गं. पोटाला पिशवी आहे, म्हणून खोटं बोलते."

"मग कॉर्सेटची पोटावरची कडक पट्टी काढून मऊ कापड लावते. उपाशीपोटी स्टेजवर पडलात तर कॉर्सेट माझं फाटेल."

"नाटकाच्या ग्रुपमध्ये सांगू नकोस."

"नाही सांगत. खा."

इसाबेलने खजूर खाल्ला आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला.