बोनेट गरम होतं

रस्त्याकडेला उभी असलेली कुठलीही गाडी दिसली की माझा हात आपोआप तिच्या बोनेटवर जातो. एकदा अंबाजोगाईत एका अनोळखी माणसाच्या गाडीवर असाच हात ठेवला, तर तो हातातला वडा टाकून हॉटेलातून ओरडत आला. त्याला काय सांगणार? भ्यालेल्या माणसाची खोड आहे म्हटलं असतं, तर त्यानं मला वेड्यात काढलं असतं.

आमचं गाव धर्मापुरीच्या अलीकडे. घरी म्हशी, बैलजोडी, थोडी शेरडं, आणि गावातलं दूध गोळा करायचं काम माझ्याकडे. बायकोला पहिल्या खेपेला कळा सुरू झाल्या तेव्हा रुग्णवाहिका दुसऱ्या गावाला गेलेली होती, म्हणून भाड्याची जीप केली. अंबाजोगाईच्या वाटेवर एक चढ लागतो. त्या चढावर, एका बाभळीपाशी, जीपच्या तोंडातून वाफ निघाली आणि ती जी थांबली ती थांबलीच. दुसरं वाहन मिळून दवाखान्यात पोचेपर्यंत बाळ गेलेलं होतं.

तीन वर्षांनी तिला पुन्हा दिवस गेले. सातव्या महिन्यात तिनं एकच मागितलं.

"दारात आपली सवताची गाडी पायजे. मंग मला भ्याव न्हाई."

नवी गाडी आमच्या आवाक्यातली नव्हती, म्हणून जुनी बघायची ठरली. परळीला माझा एक मित्र गॅरेज चालवतो. त्यानं मला बजावून सांगितलं, "गाडी थंड असतानाच बघ. मालकानं आधीच चालू करून ठिवली आसंल तर समज, कायतरी लपवायचंय. ऑइलचं झाकण उघडून आतल्या बाजूला बोट फिरव. अन् धूर बघ. पांढरा धूर राह्यलाच, तर मागं फिर."

खरं तर त्यालाच सोबत न्यायला हवं होतं. पण गाडी होती माजलगावकडच्या एका बागायतदाराची. ऊस, पुढारपण, दारात माणसांची वर्दळ, आणि माझ्या वडिलांकडून, म्हणजे आबांकडून, त्यांनी दोनदा बैल नेलेले. ओळखीच्या माणसाच्या दारी मिस्त्री घेऊन जायचं म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणण्यासारखं. आबा म्हणाले, "आपुन दोघंच जाऊ."

जनावर पारखण्यात आबांचा हात धरणारा आमच्या भागात कोणी नव्हता. बैल घ्यायला जाताना ते कधी सांगून जात नसत. म्हणायचे, बसलेलं जनावर उठताना बघावं. लंगडा बैलसुद्धा चार फेऱ्या फिरवून अंग गरम केलं की सरळ चालतो. हे मी लहानपणापासून शंभरदा ऐकलंय. माजलगावला मात्र आम्ही आदल्या दिवशी फोन करून गेलो, कारण मोठ्या माणसाच्या घरी न सांगता जाणं बरं दिसत नाही.

गाडी अंगणात धुऊनपुसून उभी होती. पांढरी, बाहेरून नवरीसारखी. चहा येईपर्यंत मी उगाच तिच्याभोवती फिरलो आणि बोनेटवर हात ठेवला. चटका बसला नाही, पण ऊब चांगली होती. मालक ओट्यावरून म्हणाले, "पोरगं आत्ताच कारखान्यावर जाऊन आलंय. चावी मारा, बघा की."

चावी मारताच गाडी सुरू झाली. पण मित्राचं बजावणं आठवलं. मी बंद करून बोनेट उघडलं, ऑइलचं झाकण फिरवलं आणि आतून बोट फिरवलं. बोटाला पिवळट पांढरं लोण्यासारखं काहीतरी लागलं. दुधातुपात जन्म गेलेल्या माणसाला दुसरं काय आठवणार? घुसळून ठेवलेल्या ताकावर येतं तसलं. इंजिनातलं पाणी ऑइलमध्ये उतरलं की असं होतं, हे मित्रानं सांगितलं होतं. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मी ते ताक बोटावर घेऊन नुसता उभा राहिलो.

कारण वळून पाहिलं, तर ओट्यावर आबांचा आणि मालकांचा हात उपरण्याखाली होता. बैलाच्या बाजारात सौदा असाच होतो. वरून कोणी काही बोलत नाही, खाली बोटं दाबून भाव ठरतो. आणि हात सुटला की शब्द गेला. त्यानंतर जनावर आंधळं निघालं तरी माघारी आणायचं नाही. मी तोंड उघडेपर्यंत हात सुटलेला होता. आबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मी बोट पँटला पुसलं.

बोललो असतो तर काय झालं असतं? फार तर चहा कडू झाला असता. पण दहा माणसांत बापाचा शब्द खाली पाडायची माझी छाती झाली नाही, आणि तेव्हा ती भीती मला त्या चढाच्या भीतीपेक्षा मोठी वाटली. आज आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

गाडी दारात आली. बायकोनं तिला हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि दुसऱ्याच दिवशी दवाखान्याची पिशवी डिकीत नेऊन ठेवली: जुनी लुगडी, बाळाचं टोपडं, फाइल. रोज संध्याकाळी ती पुढच्या सीटवर पाच मिनिटं नुसती बसून यायची. तीन वर्षांत तिचा चेहरा मी एवढा निवांत पाहिला नव्हता.

आणि मी रोज पहाटे दूध घालायला जाण्याआधी चोरासारखा बोनेट उघडून पाणी ओतत होतो. गाडीखाली एक थेंब गळत नव्हता आणि पाणी मात्र रोज कमी होत होतं. थंड इंजिन सुरू करताना ते हिव भरल्यासारखं थडथडायचं आणि मागून पांढरा, गोडसर वासाचा धूर यायचा. गॅरेजला न्यावी, तर घरी कळणार. घरी कळलं, तर तिचा धीर सुटणार आणि आबांची मान खाली जाणार. नुसत्या विचारानं माझं अन्न गोड लागेना.

एकदा तिनं मला पकडलंच. "रोज रोज पानी कावून घालता वो?"

"उनाळा लई हाय," मी म्हणालो. तिला ते पटलं, याचंच मला जास्त भय वाटलं.

आठव्या महिन्यातल्या तपासणीला तिला घेऊन निघालो. मे महिना, सकाळी दहाचं ऊन. चढ लागला आणि तापमानाचा काटा हलला. मधोमध होता तो वर सरकला, आणखी वर सरकला. गाडी थांबवली तर पुन्हा सुरू होईल याची खात्री नव्हती. मित्रानं एकदा सांगितलं होतं की अशा वेळी हीटर पूर्ण सोडायचा, म्हणजे इंजिनाची गरमी आत ओढली जाते. मी एसी बंद केला, हीटर सोडला आणि काचा खाली केल्या. भर मे महिन्यात गरम वारा तिच्या पोटावर येऊ लागला.

"आवो, ह्ये काय?"

"एसी बिघडलाय. पोचलोच आपन."

ती सोनोग्राफीच्या फाइलनं वारा घेत राहिली. केस कपाळाला चिकटले होते. समोर ती बाभूळ आली. बायकोनं खिडकीकडे पाठ केली आणि माझ्या मनगटाला धरलं. जितके देव आठवले तितक्यांना मी हाका मारल्या, कपिलधारचा नवस बोललो. काटा लाल रेषेला टेकला आणि चढ संपला. उतारावर तो हळूहळू खाली आला. दवाखान्याच्या दारात तिला उतरवलं आणि मी मागच्या भिंतीशी जाऊन भडाभडा ओकलो. परत येताना तिला एसटीत बसवलं. गाडीत दुधाचे कॅन घ्यायचेत, अशी थाप मारली.

त्यानंतर चार दिवसांनी, उजाडता उजाडता, मी पाण्याची कॅन घेऊन गाडीशी गेलो तर आबा आधीच तिथं उभे.

"चालू कर," ते म्हणाले.

मी चावी मारली. तिसऱ्या वेळेला ती थडथडत सुरू झाली आणि अंगण पांढऱ्या धुरानं भरलं. आबा धुरातच उभे राहिले.

"म्हाईत होतं तुला?"

"झाकन उघडलं तवाच कळलं. पर तुमचा हात सुटला होता."

आबांनी खिडकीतून हात घालून चावी फिरवली, गाडी बंद केली. मग म्हणाले, "बोनेटला मीबी हात लावलता. तू मागच्या अंगाला व्हतास तवा. जनावर फिरवून ठिवलंय, ह्ये मला तवाच वळखू आलं. पर म्हनलं, मोटारीतलं पोराला कळतं. पोरगं गप हाय म्हंजी ठीक आसंल. दहा मानसांत तुला कशाला अडानी ठरवू?"

तेरी भी चूप, मेरी भी चूप. बापलेकांनी एकमेकांची अब्रू अशी राखली होती.

मागं पायपुसण्यावर पाय वाजले. बायको दारात उभी होती. कधीची उभी होती कुणास ठाऊक. तिनं आबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"म्हंजी," ती म्हणाली, "जिला त्यात बसायचं व्हतं तिलाच तेवढं म्हाईत न्हवतं."

ती रडली नाही की ओरडली नाही. सावकाश चालत आली, डिकी उघडून पिशवी काढली आणि घरात जाऊन साडी बदलून आली. सकाळच्या पहिल्या एसटीनं आम्ही अंबाजोगाईला गेलो. दवाखान्याजवळ एक खोली घेतली आणि दिवस भरेपर्यंत तिथंच राहिलो. त्या दिवसांत ती माझ्याशी कामापुरतं बोलायची. मला त्याचं काही वाटलं नाही. दवाखाना खिडकीतून दिसत होता, एवढं मला पुरेसं होतं.

आबा गॅरेजवाल्या मित्राला घेऊन, थांबत थांबत, पाणी घालत, ती गाडी माजलगावला परत घेऊन गेले. सुटलेला हात माघारी मागायला ते जन्मात पहिल्यांदा गेले. तिथं काय बोलणं झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. गाडी तिथंच सोडून एसटीनं परत आले. त्यानंतर बैल पारखायला त्यांना कोणी बोलावलं तरी ते जात नाहीत.

मुलगी झाली. रडत, लाथा झाडत, धडधाकट. आता ती दोन वर्षांची आहे आणि आमच्या दारात दुसरी जुनी गाडी आहे. ती बघायला मी मित्राला घेऊन, न कळवता, मालक दात घासत असतानाच जाऊन उभा राहिलो होतो. गाडी चांगली आहे. तरीही मुलीला कडेवर घेऊन आत बसण्याआधी बायको दर वेळी थांबते आणि मला विचारते, "सांगायचं काय ऱ्हायलंय का?"

सांगायचं काही नसतं. तरी मी आधी बोनेटवर हात ठेवतो, आणि मगच न्हाई म्हणतो.