बत्तीस पुढे, अठरा मागे

कवळ्या बनवणाऱ्या ताईंच्या सायकलला गिअर नाही आणि तरी त्या ती डोंगरात चालवतात, हे कळलं की लोक आधी दात काढतात आणि मग सल्ला देतात. एकवीस वर्षं हेच चाललंय. पुढच्या चक्राला बत्तीस दात, मागच्याला अठरा, संपलं. चढ असो नाहीतर उतार, दात तेवढेच. दिवसभर दातांतच हात असलेल्या बाईला सायकलही बत्तीस दातांची मिळाली म्हटल्यावर तिचं नाव बत्तीशी पडलं, ते पडलंच.

ताईंचं टेबल लॅबमध्ये खिडकीपाशी आहे. टेबलावर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, प्रत्येकाखाली पेशंटच्या नावाची चिठ्ठी. कवळी घासताना गुलाबी भुकटी उडते आणि भुवयांवर बसते. ती झटकून त्या कामावरून थेट सायकलवर बसतात. रविवारी गावामागच्या डोंगरावर, पाण्याच्या टाकीकडे जाणाऱ्या दगडी वाटेने.

या एकवीस वर्षांत चाकं तीनदा बदलली, पेडलं चारदा, सीट किती बदलल्या ते त्यांनाही आठवत नाही. फ्रेम मात्र तीच, पोलादी. हिरवा रंग मांडी घासून घासून जिथे गेला तिथे उघडं लोखंड चमकतं. गिअर अडकवायला मागे एक कान लागतो, तो या फ्रेमला मुळातच नाही. "ऐकून घ्यायला कानच नाही तिला," असं ताई सल्ला देणाऱ्याला सांगतात. तो हसून निघून जातो आणि महिन्याभराने तोच सल्ला घेऊन परत येतो.

आणि काही खोटं कशाला सांगायचं, सुख कमी आणि त्रास फार. सपाट रस्त्यावर पाय नुसते गरगर फिरतात आणि शाळेची पोरं दप्तरासकट पुढे निघून जातात. समोरून वारा असला की ताई तोंडाने काय काय म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. टाकीखालच्या खड्या चढावर त्या उतरतात आणि सायकल ढकलत नेतात. त्यात त्यांना कसलीही लाज वाटत नाही.

यंदा एका सकाळी सायकल धुताना खालच्या नळीवर, पेडलाच्या जरा मागे, त्यांना तांबूस रेघ दिसली. चिखल असेल म्हणून त्यांनी नखाने खरवडली. नख अडकलं. चिखल नव्हता, फ्रेमला भेग गेली होती. त्या तिथेच ओल्या फरशीवर बसून राहिल्या.

लेकीला सांगायला नको होतं, पण सांगितलं. लेक शाळेत गणित शिकवते. तिने सायकलीचे जुने कागद शोधून काढले आणि त्यात तिला दोन शब्द सापडले: आजीवन हमी. मग काय विचारता, दुसऱ्याच दिवशी मायलेकी फ्रेम घेऊन दुकानात.

दुकानदार भला माणूस. कंपनी नवी फ्रेम देईल, म्हणाला. हलकी, ॲल्युमिनियमची, आणि गिअरसाठी कान असलेली. अट एकच, जुनी फ्रेम इथे कापून दोन तुकडे करायचे आणि त्याचा व्हिडिओ पाठवायचा.

"आजीवन म्हणजे कोणाचं?" ताईंनी विचारलं.

"मूळ मालकाचं."

"मग मी तर अजून आहे."

"आई, पुरे," लेक म्हणाली. "एकटी डोंगरात जातेस. तिथे ही मोडली आणि तू पडलीस तर मला कळणार तरी कसं? तुला मजा वाटते, इकडे माझ्या जिवाला घोर."

पोरीचं काही चुकत नव्हतं. कापायचीच तर मीच कापीन, म्हणाल्या. दुकानदाराने वरच्या नळीवर खडूने रेघ मारून दिली, लेकीने फोन धरला. ताईंनी करवत रेघेवर ठेवली आणि एकदा ओढली.

खालून स्वच्छ, पांढरं पोलाद निघालं. कवळीच्या तारांसाठी रोज धातू कापणाऱ्या हाताला करवत कुठे सहज जाते आणि कुठे दातओठ खायला लावते ते बरोबर कळतं. ही नळी ठणठणीत होती. ताईंनी करवत खाली ठेवली.

"नाही कापणार."

"अहो ताई, नवी मिळतेय ना," दुकानदार म्हणाला.

"माझ्याकडे रोज कवळीची मापं येतात. डॉक्टर आधी माणसाचा स्वतःचा दात वाचतो का बघतात, नाहीच वाचला तर मग माझ्याकडे पाठवतात. इथे कोणी बघितलं तरी का?"

"बाहेर जोडून घेतलीत तर हमी गेली. तसं लिहून द्यावं लागेल."

ताईंनी लिहून दिलं, सही ठोकली आणि फ्रेम खांद्यावर घातली. लेकीने फोन बंद केला. ती पुढचे आठ दिवस आईशी बोलली नाही.

जोडायला त्यांनी दवाखान्याच्या खाटा दुरुस्त करणारा वेल्डर गाठला. नळी पातळ आहे, जळेल, असं तो म्हणाला. "मी याहून बारीक तारा जोडते, सावकाश करा, मी इथेच उभी आहे," असं म्हणून ताई खरंच उभ्या राहिल्या. काम पक्कं झालं, पण दिसायला सुजलेल्या हिरडीसारखं. वेल्डरने लाल रंगाची बाटली आणि पांढरी भुकटी दिली. दर रविवारी रंग चोळायचा, दहा मिनिटांनी पुसायचा, भुकटी मारायची. भेग असेल तर लाल रेघ उमटेल.

पहिल्या रविवारी ताई बाटली घेऊन अंगणात बसल्या तर लेक दारात उभी. तिने फडकं ओढून घेतलं आणि रंग स्वतः चोळला. दहा मिनिटं दोघी घड्याळाकडे बघत होत्या. लेकीने रंग पुसला, भुकटी मारली आणि नाक टेकेल इतकी खाली वाकली. पांढरं ते पांढरंच राहिलं.

"पुढच्या रविवारी परत येईन," ती म्हणाली.

"ये."

"आणि रेघ दिसली तर?"

"तर परत जोडीन," ताई म्हणाल्या आणि चाक बसवायला घेतलं.