पेडलवरचा चिरा

पूर्णगडचे फुजैलचाचा लष्कराने लिलावात काढलेल्या जुन्या जीपा दुरुस्त करतात. बॉनेटखाली डोकं घालून ते इंजिन ऐकायचे, तेव्हा पेडलवर पाय इफ्फतचाचींचा असायचा. "रेस दे" म्हटलं की चाची दाबायच्या, "सोड" म्हटलं की सोडायच्या.

चाची वारल्या, तेव्हा चाचा रडले नाहीत. लोकांनी नावं ठेवली. लोकांना काय, रडणं दिसायला हवं असतं!

चाळिसावा झाल्यावर त्यांनी गॅरेज उघडलं. मी शेजारचा, मदतीला गेलो, तर "नको" म्हणाले. अंगणातला चिऱ्याचा तुकडा त्यांनी पेडलवर ठेवला आणि बॉनेटखाली वाकले. इंजिन घुमायला लागलं.

"बस, सोड."

इंजिन घुमतच राहिलं.

"सोड गो," चाचा पुन्हा म्हणाले, डोकं वर न काढता.