चुरगळलेले पंख

वहिनी खरं तर एकट्या नणंदेच्या वहिनी. पण नणंदबाई शेजारच्याच घरात राहायच्या आणि दिवसभर कुंपणावरून "वहिनी, ओ वहिनी" असा त्यांचा पुकारा चालायचा. ऐकून ऐकून दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं. वहिनी घरी मशीनवर पडदे शिवायच्या, दवाखान्यांचे, हॉटेलांचे, शाळेतल्या नाटकांचे. नवऱ्याची सगळी नोकरी पंपघरात झाली, आणि निवृत्तीनंतरचा सगळा जीव घरामागच्या उतारावरच्या मधपेट्यांत.

वहिनींनी इतक्या वर्षांत त्या माश्यांसाठी एकच काम केलं होतं. नवऱ्याच्या टोपीला तोंडावरून सोडायची जाळी शिवून दिली होती. बाकी त्या पेट्यांच्या वाऱ्यालाही उभ्या राहत नसत. एकदाच म्हणाल्या होत्या, "मलाही शिकवा की थोडं." त्यावर ते हसून म्हणाले, "तुला नाही कळायचं ते. तू आपले पडदे सांभाळ."

मग नवऱ्याला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. दवाखान्यातून घरी आले तेव्हा तोंडात मोजके शब्द उरले होते, आणि त्यातही 'हो' सगळ्यात पुढे. चहा हवा का, हो. नको का, हो. खिडकी उघडू का, हो. लावू का, हो. डॉक्टर म्हणाले की त्यांना कळतं सगळं, फक्त शब्द हाताला लागत नाहीत. वहिनी मान हलवत आल्या खऱ्या, पण 'हो'चा अर्थ काय लावायचा ते काही डॉक्टरांनी सांगितलं नाही.

पेट्यांकडे कुणीतरी बघायला हवंच होतं. नणंदबाईंना माशी चावली की अंग सुजायचं, तेव्हा वहिनींनीच ती जाळीची टोपी चढवली. पहिल्या दिवशी माश्यांना शांत करायचा धुराचा डबा इतका फुंकला की माश्या राहिल्या बाजूला, त्याच खोकून बेजार झाल्या. पण हळूहळू हात बसला. पोळ्याची चौकट कशी उचलायची, माश्या चिरडू न देता परत कशी ठेवायची, हे शिवणकामासारखंच निघालं. घाई केली की बिघडलं. कडेच्या पेटीतली वसाहत अगदी तोळामासा होती. मधली पेटी मात्र नुसती उसळत होती, झाकण उघडलं की माश्या दुधासारख्या उतू जायच्या. वहिनींना त्या पेटीचा मनातून अभिमान वाटायला लागला होता.

पावसाळा सरल्यावर एका सकाळी त्या मधल्या पेटीसमोर गवतात माश्या सरपटताना दिसल्या. उडत नव्हत्या. वहिनींनी वाकून पाहिलं तर पंख होते, पण धुऊन पिळून न झटकता वाळवलेल्या कापडासारखे. चुरगळलेले, आखूड. दुसऱ्या दिवशी आणखी दिसल्या.

"गार वारं लागलं असेल," कुंपणापलीकडून नणंदबाई म्हणाल्या.

"गार वाऱ्यानं पंख चुरगळतात?"

"मला काय माहीत? माझे कान दुखतात."

वहिनींना वाटलं, आपलाच धूर जास्त झाला. मग वाटलं, शेजारच्या बागेत काही फवारलं असेल. पण फवारलं असतं तर सगळ्याच पेट्यांना बाधायला हवं होतं, आणि ती कडेची मरतुकडी पेटी तर ठणठणीत होती. जिथं सगळं भरभरून चाललंय तिथंच रोग का? काही केल्या मेळ बसेना.

शेवटी त्यांनी एक माशी तळहातावर घेतली आणि तशाच घरात नवऱ्यापुढे नेली. "अहो, हे बघा. हे काय आहे?"

त्यांनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला. डावा हात खुर्चीवर आपटत त्यांनी तोंड वाकडं करून शब्द बाहेर काढला. "जाळ."

"काय?"

"जाळ. जाळ."

"पेटी जाळू?"

"हो."

"की नको जाळू?"

"हो," असं म्हणून ते रडकुंडीला आले. वहिनींनाही रडू फुटणार होतं, पण तळहातावर माशी होती.

नणंदबाईंनी चटकन निकाल दिला. "दादा जाळ म्हणतोय ना, मग जाळायची. इतकी वर्षं त्यानं केलंय, त्याला नाही कळणार तर कुणाला?"

संध्याकाळी माश्या परतल्यावर वहिनींनी मधल्या पेटीचं दार स्पंजच्या तुकड्यानं बंद केलं आणि रॉकेलची बाटली घेऊन उभ्या राहिल्या. आतून घुमणारा आवाज येत होता, लांबच्या पंपासारखा. बाटलीचं बूच त्यांनी दोनदा उघडलं आणि दोनदा लावलं. नवऱ्याचं ऐकायचं तर जाळायला हवं होतं. पण ऐकतोय ते नवऱ्याचं की आपल्याच मनाचं, तेच कळेना. त्यांनी स्पंज काढला, बाटली घरात ठेवली आणि सकाळी मधमाशी विभागाच्या तपासनीसबाईंना फोन केला.

तपासनीसबाई आल्या. स्कूटरवरून उतरताच त्यांनी जाळीच्या झाकणाची एक बरणी काढली, त्यात मधल्या पेटीतल्या ओंजळभर माश्या घेतल्या, वर पिठीसाखर घातली आणि बरणी हलवून पांढऱ्या ताटात उलटी झाडली. साखरेबरोबर बारीक तांबूस दाणे पडले. वहिनींना ते मसुराच्या चुऱ्यासारखे वाटले. मग एक दाणा चालायला लागला.

"हा परजीवी किडा," तपासनीसबाई म्हणाल्या. "कोषातल्या पिल्लांना चिकटतो, त्यांच्या अंगातलं शोषतो, आणि शोषताना विषाणू सोडतो. त्या विषाणूनं पंख असे होतात."

"म्हणजे रोग किड्याचा का विषाणूचा?"

"दोघांचा."

"औषध कशावर?"

"किड्यावर. विषाणूला औषध नाही."

"मग किडा मेला की पंख नीट होतील?"

"झाले ते झाले. पुढच्या माश्यांचे होतील. बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

"म्हणजे मलाही नक्की सांगता येत नाही, वहिनी."

"पण मग हीच पेटी का? सगळ्यात जोरदार हीच होती."

"म्हणूनच. जिथं पिल्लं जास्त तिथं किडे जास्त. शिवाय जोरदार वसाहत दुबळ्यांचा मध लुटून आणते. आसपास कुठं एखादी वसाहत किड्यांनी मोडली असेल, तर हिनं मधाबरोबर तिथले किडेही आणले असतील."

"चोरी अंगलट आली म्हणायची," वहिनी म्हणाल्या, आणि आपण या चोरांचा अभिमान बाळगत होतो हे त्यांना आठवलं.

बाईंनी ओव्यासारख्या उग्र वासाचं औषध दिलं. मध काढून घेतल्यावरच चौकटींवर ठेवा म्हणाल्या. निघताना आणखी एक सांगितलं, "पेट्यांना लाकडी तळ आहे तो काढून जाळी बसवा. किडे खाली गळून पडतील, परत चढणार नाहीत."

वहिनी जागच्या जागी उभ्या राहिल्या. मग तशाच आत गेल्या.

"अहो, तुम्ही जाळी म्हणत होता का? तळाची जाळी?"

"हो," ते म्हणाले.

"का तोंडाला जाळी बांध म्हणत होता? मी नुसतीच माशी घेऊन आले म्हणून?"

"हो."

"आणि खरंच जाळायला सांगत असाल तर?"

"हो," म्हणताना त्यांना हसू आलं. वाकड्या तोंडानं ते हसत राहिले आणि वहिनीही हसल्या, पण हसता हसता त्यांना राग आला. "तेव्हाच शिकवलं असतं तर काय बिघडलं असतं?" असं त्या बोलून गेल्या. त्यावर मात्र ते काहीच बोलले नाहीत. 'हो'सुद्धा नाही.

मधली पेटी वाचली नाही. औषधानं किडे मेले, पण थंडी काढणाऱ्या माश्या आधीच अधू जन्मल्या होत्या. वसाहत आटत गेली, आणि एकदा झाकण उघडलं तर राणीभोवती मूठभर माश्या उरल्या होत्या; पुढच्या वेळी त्याही नव्हत्या. बाकीच्या तगल्या. कडेची तोळामासा पेटीही तगली. ती मुळातच लहान म्हणून, की औषधानं, की नुसती नशिबानं, हे वहिनींनी तपासनीसबाईंना फोन करून विचारलं. बाई म्हणाल्या, "तिन्ही असेल."

थंडी ओसरल्यावर एका दुपारी नणंदबाईंनी एका बाजूनं आणि वहिनींनी दुसऱ्या बाजूनं धरून नवऱ्याला उतारावर आणलं. काठी टेकत ते कडेच्या पेटीपाशी स्टुलावर बसले. वहिनींनी पेटीला नव्यानं बसवलेल्या जाळीखालचा, गळालेले किडे दिसावेत म्हणून सरकवलेला पांढरा पुठ्ठा ओढून त्यांच्या मांडीवर ठेवला. डोळे बारीक करून ते कितीतरी वेळ पाहत राहिले. मग एका तांबूस दाण्यावर बोट ठेवून, कित्येक महिन्यांत न बोललेला शब्द बोलले.

"थोडे."

नणंदबाईंनी टाळ्या वाजवल्या. "बघा, बोलला दादा."

वहिनी पुठ्ठ्याकडे बघत होत्या. थोडेच उरलेत, असं म्हणायचंय, का अजून थोडे आहेत, असं? त्यांनी विचारलं नाही. पुठ्ठा पुसून जागेवर सरकवला, पेटी उघडून औषधाची नवी पुडी फोडली, आणि त्यांच्यापुढे धरली. ती चौकटींवर कुठं ठेवायची ते त्यांनी बोटानं दाखवलं. वहिनींना वाटत होतं त्यापेक्षा जरा डावीकडे.