नव्या गाडीत नसलेला डबा

माझ्या बायकोला हे माहीत नाही. मुलीला नाही, समितीतल्या कुणालाही नाही. आणि जिला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं, तिला तर चार वर्षं मी टाळत होतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि कारण एकदा कागदावर उतरलं की मला मागं फिरता येणार नाही. मला माझी खात्री नाही. कागदाची आहे.

सुरुवात कुठून करू? गाडीपासून करतो. निदान पहिली काही वाक्यं मान वर करून लिहिता येतील.

मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका लहान स्टेशनच्या गावचा. तेरहून टमटमनं अर्धा तास. लातूरच्या एका महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक आहे. एकवीस वर्षं सकाळच्या गाडीनं जातो, संध्याकाळच्या गाडीनं येतो. आमच्याकडं याला अपडाऊन म्हणतात आणि अपडाऊनवाल्यांची एक वेगळीच जात असते.

जुनी गाडी तुम्ही बघायला हवी होती. खिडकीचं शटर एकदा खाली आलं की वर जात नसे, आणि वर गेलं की पावसातही खाली येत नसे. पंखा सुरू करायला कंगवा लागायचा — जाळीतून कंगवा घालून पातं ढकलायचं, मग तो कण्हत फिरायचा. आमच्यातल्या एका बँकवाल्याला पूर्ण टक्कल होतं, तरी खिशात कंगवा असायचा. डिझेलचं इंजिन बंद पडलं की आम्ही खाली उतरून शेजारच्या शेतातले हरभऱ्याचे डहाळे सोलत बसायचो. कितीदा कामावर खाडा झाला, कितीदा साहेबांची बोलणी खाल्ली!

म्हणून आम्ही प्रवासी समिती काढली. मी सचिव. विजेवर चालणारी नवी गाडी हवी, म्हणून निवेदनं लिहिली, डब्याडब्यातून सह्या गोळा केल्या. रुळांच्या कडेनं विजेचे खांब उभे राहिले, तेव्हा आम्ही खिडकीतून लहान पोरांसारखे बघत असू. ते काम मी मनापासून केलं. नवी गाडी यायलाच हवी होती — आजही तेच म्हणेन. माझा अपराध गाडी आणण्यात नाही.

मग कशात?

थांबा. आधी शेवटचा डबा सांगायला हवा.

जुन्या गाडीचा शेवटचा डबा अर्धा मोकळा होता. बाकं नाहीत, दारं रुंद, सामानासाठी ठेवलेला. आम्ही त्याला खव्याचा डबा म्हणायचो. आमच्या भागातला खवा तुम्ही खाल्ला असेल, पेढ्यात तरी. पहाटे भट्टीवर दूध आटवून केलेला खवा बायका पाटीत भरायच्या, वर ओलं पांढरं फडकं टाकायच्या आणि ऊन चढायच्या आत लातूरच्या पेढेवाल्यांकडं पोचवायच्या. बंद जीपमध्ये उबेनं खव्याला आंबूस वास येतो. त्या डब्यात दोन्ही दारं सताड उघडी, वारा आरपार. पाट्या दाराशी ठेवायच्या आणि वाटेत फडक्यावर पाणी शिंपडत राहायचं — एवढंच त्यांचं शीतगृह. पूर्वी अरुंद रुळांवरची छोटी गाडी होती, तेव्हाही हा डबा होता. छोटी जाऊन मोठी आली, तेव्हाही तो राहिला.

त्याच डब्याच्या दुसऱ्या अर्ध्यात आम्ही अपडाऊनवाले बसायचो, कारण लातूरला तो बाहेर पडायच्या वाटेजवळ थांबायचा. मध्ये फक्त लोखंडी जाळी. आणि जाळीला टेकून कौसाबाई.

कौसाबाई म्हणजे खवेवाल्या बायकांतली सगळ्यांत जुनी. स्टेशनपासून लांब, एका वाडीवर राहायची. आवाज असा की इंजिनाच्या भोंग्यालाही ऐकून घ्यावं लागे. मी जेवणाचा डबा उघडला की जाळीतून डोकावायची.

“बाळ्या, आज बी भेंडीच व्हय रं? बायकोला म्हणावं, गुरागत हिरवं किती घालशील नवऱ्याला!”

सगळे हसायचे. एकदा बँकवाला म्हणाला, “अहो कौसाबाई, सर आहेत ते. बाळ्या काय म्हणता?”

“सर तुमचा असंल. ह्याच्या मायनं माझ्या शेजारी बसून पाट्या वाहिल्यात. ह्याला पाटीजवळ निजवायची. खव्याची खरवड खाऊन मोठा झालाय तुमचा सर!”

ती खरं बोलत होती. वडील मी लहान असतानाच गेले. आईनं दुसऱ्याच्या भट्टीवर दूध ढवळून, पाट्या वाहून मला शिकवलं. पण मी महाविद्यालयात काय सांगितलं होतं? — घरची बागायत आहे. प्राध्यापक मंडळी बरोबर प्रवास करायची, मला सर म्हणायची. मी प्राध्यापक नव्हतो, पण तो शब्द मला फार हवा होता. आणि ती बाई रोज सकाळी जाळीतून हात घालून तो काढून घ्यायची.

मी हसायचो. दरवेळी हसायचो. आणि दरवेळी मनात म्हणायचो — ही बाई या गाडीत नसती तर?

आता सांगतो.

नवी गाडी मंजूर झाली. एक अधिकारी लातूरला आले, समितीचा सचिव म्हणून मला एकट्याला भेटीला बोलावलं. चहा मागवला, समोर बसवलं. सभ्य माणूस. म्हणाले, डबे दोन तऱ्हेनं मिळू शकतात — शेवटचा अर्धा डबा सामान नेणाऱ्या विक्रेत्यांसाठी ठेवता येतो, किंवा तिथंही बाकं बसवता येतात. तुमच्या मार्गावर गरज काय आहे ते समितीनं लिहून द्यावं. माझ्यापुढं कोरा कागद ठेवला.

मी लिहिलं: या मार्गावर विक्रेते प्रवास करत नाहीत. स्वतंत्र डब्याची आवश्यकता नाही. सर्व जागा प्रवाशांना द्यावी.

त्यांनी वाचलं. विचारलं, “नक्की ना? तुम्ही रोजचे. तुमच्या शब्दावर जाईल हे.”

मी म्हणालो, “साहेब, ते दिवस गेले आता.”

त्याच सकाळी त्या डब्यात नऊ बायका होत्या. मी त्यांच्या बरोबरच आलो होतो. कौसाबाई त्या सकाळी माझ्याशी चांगलं बोलली होती — आईला बरं नव्हतं, तर तिच्यासाठी खव्याचा एक गोळा पानात बांधून दिला होता. मी लिहीत होतो तेव्हा तो माझ्या पिशवीत होता.

घाईत झालं असं म्हणू? गोंधळलो होतो? नाही. खाली ‘समितीच्या वतीने’ असं लिहून मी शांतपणे सही केली. समितीला विचारलं नव्हतं.

नवी गाडी आली त्या दिवशी स्टेशनवर हलगी वाजली. गाडी आवाज न करता आत आली. स्वच्छ डबे, मऊ बाकं, पुढचं स्टेशन सांगणारी पाटी. लोकांनी माझ्या गळ्यात हार घातला. आणि फलाटाच्या पार टोकाला, जिथं शेवटचा डबा थांबायचा तिथं, नऊ जणी नव्या साड्या नेसून पाट्या घेऊन उभ्या होत्या. त्यांनी नव्या गाडीसाठी फडकीही नवी आणली होती.

गाडी थांबली. त्यांच्यासमोर साधंच दार आलं, आत साधीच बाकं. त्यांना वाटलं, आपला डबा या वेळी पुढं जोडला असेल. त्या पाट्या डोक्यावर घेऊन पळत सुटल्या — शेवटापासून पार पुढच्या टोकापर्यंत, प्रत्येक दारात डोकावत. पुढच्या टोकाला पोचल्या तेव्हा गाडी सुटली. मी आत होतो, दारात.

दुसऱ्या दिवशी तिनं फलाटावर मला गाठलं. “बाळ्या, आमचा डबा कुठं गेला?”

“वरनंच काढलाय, मावशी,” मी म्हणालो.

वरनं! कोण होतं वर?

काही दिवस त्या साध्या डब्यात चढून बघत होत्या. वाटेत पाट्या, बाकांवर पाणी सांडतं — लोक कुरकुरायला लागले. आणि खिडक्यांतून येणारा वारा खाली ठेवलेल्या पाट्यांपर्यंत पोचेना. पेढेवाल्यांनी दोनदा माल परत पाठवला. मग त्या यायच्या बंद झाल्या. आता एका व्यापाऱ्याची गाडी दारोदार फिरून दूधच उचलते, तो म्हणेल तो भाव. नऊपैकी एक लेकाकडं पुण्याला गेली. कौसाबाईची भट्टी थंड आहे, ती आता दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. त्या वयात.

आणि मी काय केलं? डबा परत मिळावा म्हणून निवेदन काढलं! होय, मीच. गावानं म्हटलं, सर, तुम्हीच करू शकता. मी सह्या गोळा केल्या, ठासून भाषण केलं, वरच्यांना गरीब दिसत नाहीत म्हणालो. टाळ्या पडल्या. निवेदनावर पहिला अंगठा कौसाबाईचा होता. शाईचं बोट पदराला पुसत ती म्हणाली, “सर, तुमी हाव म्हून हाय बघा.”

सर म्हणाली. त्या दिवसापासून तिनं मला बाळ्या म्हणणं सोडलं. मला हवं होतं ते मिळालं.

आई तेव्हा अंथरुणावर होती. रोज संध्याकाळी विचारायची, “कौसा भेटली का रं गाडीत? काय म्हणली?” मी काय सांगणार होतो? मी टोमणे रचायचो. कौसाबाईनं आज भेंडीवरून काय म्हटलं, बँकवाल्याच्या कंगव्यावरून काय म्हटलं — सगळं माझं मीच तयार करायचो, तिचा आवाज काढून सांगायचो. आई हसायची, खोकला येईपर्यंत हसायची. गेली ती तसंच समजून. कौसाबाई मातीला आली होती. मी तिच्या समोरून बाजूला झालो.

गेल्या महिन्यात रेल्वेचं पत्र आलं, सचिव म्हणून माझ्या नावानं. गाडीला आणखी डबे जोडायचे आहेत. पण विक्रेत्यांच्या डब्याची गरज नसल्याचं आपल्याच समितीनं पूर्वी लेखी कळवलं आहे, त्यामुळं आपल्या निवेदनाचा विचार करता येत नाही. याबाबत वेगळं काही कळवायचं असल्यास पुढच्या महिन्याअखेरपर्यंत कळवावं.

बैठकीत लोकांनी विचारलं, उत्तर आलं का? मी म्हणालो, नाही आलं.

म्हणजे चार वर्षांनंतरही, पुन्हा एकदा. डबा एका कागदावर अडलाय, तो कागद खोटा आहे हे जगात एकट्या मला माहीत आहे, आणि मी पत्राची घडी घालून कपाटात ठेवतो! त्या दिवशी मला स्वतःची भीती वाटली. हा माणूस आपणहून कधीच बोलणार नाही, हे मला कळलं. त्याला ढकलावंच लागेल.

काल मी वाडीवर गेलो. कौसाबाई अंगणात तुरीच्या शेंगा झोडत होती. भट्टीच्या चुलाण्यात कोंबडी अंड्यांवर बसली होती. मी खाली मातीत बसलो आणि सगळं सांगितलं. कागद, सही, ते दिवस गेले म्हणालो ते, आईला रचून सांगितलेल्या गोष्टी. काहीही मागं ठेवलं नाही. मध्येच तिनं काठी थांबवली. आईचं सांगितलं तेव्हा. मग पुन्हा झोडायला लागली. शिव्या देईल, रडेल, पोराबाळांना हाक मारेल, असं वाटलं.

काठीनं शेंगा पालथ्या करत म्हणाली, “मंग खरं लिवून दिलं तर डबा लागंल?”

“लागेलच असं सांगता येत नाही. पण दिल्याशिवाय लागणार नाही.”

“दिलं का मंग?”

“अजून नाही. आधी तुम्हाला सांगायला—”

“मंग हितं कशाला बसलाव, सर?”

मी उठलो.

आज सकाळी धाराशिवला जाऊन पत्र दिलं, त्याची पोच घेतली. पूर्वी दिलेली माहिती खोटी होती, ती मी जाणूनबुजून दिली आणि समितीला त्याची कल्पना नव्हती, असं त्यात लिहिलं आहे. नऊ बायकांची नावं लिहिली आहेत, त्या कोणत्या स्टेशनवरून किती वर्षं ये-जा करत होत्या तेही. रविवारी समितीच्या बैठकीत ते मोठ्यानं वाचणार आहे आणि सचिवपद सोडणार आहे. त्याआधी आज घरी सांगेन. लोक मला गाडीत शेजारी बसू देतील की नाही, हे त्यांनी ठरवायचं.

डबा लागेल की नाही, मला माहीत नाही. नाही लागला तर पुन्हा पत्र देईन. त्यातही हेच असेल, की या मार्गावर खवा नेणाऱ्या बायका होत्या, आजही नेतील, आणि त्या नाहीत असं मी लिहून दिलं होतं.